स्वयंपाकघर वाढवितांना दार कोठें व खिडकी कोठें?

सुगी पदरांत पडून हातीं चार पैसे आले, कीं शेतकऱ्याच्या घरीं बांधकामाच्या गोष्टी निघूं लागतात. आणि त्यांत स्वयंपाकघर मागें दहा-बारा फूट वाढविण्याची गोष्ट बहुधा प्रथम येते. कुटुंब वाढलेलें असतें, पेरणी-कापणीच्या दिवसांत गड्यांचा स्वयंपाक करावा लागतो, चुलीशेजारींच गॅसची शेगडी येऊन बसलेली असते आणि फ्रीजला जागा नसते. मग गवंड्याला बोलावून जोत्याची लांबी-रुंदी ठरविली जाते, विटा-सिमेंटचा हिशेब होतो, पत्रा कीं स्लॅब यावर दोन रात्री वाद होतो. परंतु दार कोणत्या भिंतीला व खिडकी कोणत्या भिंतीला, हा प्रश्न मात्र भिंती कमरेइतक्या वर आल्यावर उभ्याउभ्या निकालांत काढतात. वास्तविक खोलीचें सुखदुःख पत्र्यापेक्षां याच प्रश्नावर अधिक अवलंबून असतें. आणि जिला त्या खोलींत रोजचे कित्येक तास काढावयाचे असतात, त्या गृहिणीला तो क्वचितच विचारला जातो.

प्रथम विचार करावयाचा तो नव्या खोलीचा नव्हे, तर जुन्या खोलीचा. देशावरील कित्येक गांवांत घरें एकमेकांना लागून उभीं आहेत. पुढें ओसरी, मध्यें माजघर, मागें स्वयंपाकघर, आणि दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती. अशा घराला उजेड व वारा मिळावयाचा तो पुढून आणि मागून. मागची भिंत नव्या खोलीनें संपूर्ण झांकली, कीं जुन्या खोलीची एकुलती एक खिडकी बाहेर उघडण्याऐवजीं नव्या स्वयंपाकघरांत उघडूं लागते, आणि तिच्यांतून उजेडाऐवजीं धूर व फोडणीचा खाट येऊं लागतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, तिच्या सुमारें दुप्पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आंत पोंचतो, असा ढोबळ हिशेब आहे. कड सात फुटांवर असेल तर चौदा फूट. म्हणजे दहा फूट खोल नवी खोली व दीड-दोन फूट जाडीची जुनी भिंत ओलांडतांच तो उजेड संपलाच म्हणावयाचा. जुन्या खोलींत धान्याची साठवण असेल तर अंधाराबरोबर कोंदटपणाही तेथें वस्तीला येतो.

यावर उपाय दोन. जुनी भिंत पुरेशी उंच असल्यास नव्या खोलीचें छप्पर तिच्याहून दोन-तीन फूट खालीं ठेवावें. म्हणजे वर उरलेल्या पट्टींत आडव्या, लांबट खिडक्या बसवून जुन्या खोलीला आकाशाचा उजेड देतां येतो. भिंत तितकी उंच नसेल तर नवी खोली घराच्या पूर्ण रुंदीइतकी न करतां एका बाजूस चार फूट मोकळी जागा सोडावी व जुनी खिडकी त्या जागेंत उघडी ठेवावी. चार फूट जागा वायां गेली असें घरांतील वडील मंडळी म्हणतील. परंतु भांडीं घासण्याची मोरी तेथें उत्तम होते. त्या जागेवर पुढेंमागें पत्रा टाकण्याचा मोह मात्र आवरावा.

आतां जुन्या खोलींतून नव्या खोलींत जाण्याची वाट. मागच्या भिंतीला पूर्वीचें दार असेल तर प्रश्नच नाहीं, तेंच ठेवावें. दार नसून खिडकी असेल, आणि उजेडाची सोय वर सांगितल्याप्रमाणें दुसरीकडे झाली असेल, तर त्या खिडकीचेंच दार करावें. खिडकीवर लिंटल किंवा लांकडी तुळई आधींच असते व वरचा भार ती पेलत असते. तेव्हां तेवढ्याच रुंदींत खिडकीखालची भिंत काढली, कीं वरच्या भाराला धक्का न लावतां दार तयार होतें. रुंदी वाढविण्याचा प्रयत्न मात्र करूं नये, कारण मग लिंटलचे टेकू सुटतात. नव्या जागीं भोंक पाडणें हा शेवटचा मार्ग; त्यांत आधीं टेके देऊन वरचा भार धरावा, लिंटल बसवावी, ती पक्की होऊं द्यावी, आणि मगच खालची भिंत काढावी. दगड-मातीच्या भिंतीच्या बाबतींत तर हें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून करूंच नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत माणसें गाडलीं गेलीं तीं मुख्यतः अशाच जाड, परंतु आंतून बांधणी नसलेल्या भिंतींखालीं. कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आंत दार किंवा खिडकी घेऊं नये, आणि एका भिंतींतील सर्व दारा-खिडक्यांची एकूण रुंदी त्या भिंतीच्या निम्म्याहून अधिक होऊं देऊं नये.

परसदारीं उघडणारें दार शेतकऱ्याच्या घराला हवेंच. सरपण, पाणी, भाजी, गड्यांच्या भाकऱ्या यांची ये-जा तेथूनच होते. परंतु सोयीसाठीं म्हणून एक दार गोठ्याकडे व एक मोरीकडे अशीं दोन दारें ठेवण्याची जी चाल पडली आहे, ती आमच्या मतें तोट्याची आहे. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीला भिंत मिळते सारी चव्वेचाळीस फूट. प्रत्येक दार त्यांतील तीन फूट खातें, आणि तीन फुटी दाराची फळी आंत उघडत असेल तर तिच्या फिरण्यासाठीं सात चौरस फूट जमीन कायमची मोकळी ठेवावी लागते. दार म्हणजे रस्ता. ज्या दोन भिंतींत दारें, त्यांच्यामधून माणसें चालणारच. तीं दारें समोरासमोरच्या कोपऱ्यांत पडलीं, तर तो रस्ता खोली तिरपी कापीत चुलीवरून जातो, आणि उकळत्या आमटीचें भांडें हातीं घेतलेल्या बाईच्या पायांत पोरें घोटाळतात. दोन्ही दारें खोलीच्या एकाच बाजूस आणावीं. म्हणजे रस्ता एका कडेनें जातो व उरलेली सबंध खोली कामाला मोकळी राहते. खिडकीचें तसें नाहीं. तिच्याखालीं ओटा बसतो, पाण्याचा माठ बसतो, पिठाचा डबा बसतो. भिंतीची जागा ती खात नाहीं. म्हणून वारा आणि उजेड हवा असेल तर दुसरें दार न करतां दुसरी खिडकी करावी.

एकच दार दिवसभर उघडें ठेवावयाचें तर कुत्रें, कोंबड्या व वासरें आंत येतात, ही अडचण खरी. त्यासाठीं दाराची फळी मध्यें आडवी कापून दोन भागांत करावी; खालचा भाग लावून वरचा उघडा ठेवला, कीं दार तेवढ्यापुरतें खिडकीचेंही काम करतें. तें दार गोठ्याच्या किंवा उकिरड्याच्या समोर नसावें, हें माशांनीं त्रासलेल्या गृहिणीला सांगावयास नको.

खिडक्या किती असाव्या, यास नियम आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें कोरड्या उष्ण हवेंत खोलीच्या जमिनीच्या एकदशांश व दमट उष्ण हवेंत एकषष्ठांश इतकें खिडक्यांचें क्षेत्र असावें, आणि स्वयंपाकघराला निदान एक चौरस मीटरची, म्हणजे सुमारें पावणेअकरा चौरस फुटांची, खिडकी बाहेर उघडणारी असावी. या मोजणींत दारें धरावयाचीं नसतात. वरील १२० चौरस फुटांच्या खोलीला मराठवाड्यांत बारा, तर कोंकणांत वीस चौरस फूट खिडक्या लागतील. हल्लीं सरकत्या काचांच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा प्रसार फार झाला आहे. त्या दिसतात चांगल्या, परंतु दोन फळ्यांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते. चार फूट बाय तीन फुटांच्या खिडकींतून वारा मिळतो तो सहा चौरस फुटांचा. बिजागऱ्यांवर बाहेर उघडणारी साधी दोन झडपांची खिडकी स्वयंपाकघराला अधिक कामाची आहे.

पण नुसत्या क्षेत्रानें काम भागत नाहीं. उंचीही पाहिली पाहिजे. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅस पुष्कळ घरांत पोंचला. तथापि भाकरीला, पाणी तापविण्याला व मोठ्या स्वयंपाकाला चूल कित्येक घरांत पेटतेच. म्हणजे एकाच खोलींत दोन उलट स्वभावाचे पदार्थ आले. चुलीचा धूर गरम, म्हणून हलका. तो छपराकडे चढतो. खिडकी सात फुटांवर संपली आणि छप्पर दहा फुटांवर असलें, तर मधले तीन फूट धुरानें भरलेलेच राहतात व तो थर दाटला कीं खालीं उतरूं लागतो. डोळे चुरचुरणें व जुना खोकला यांचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें. छपराच्या अगदीं खालीं, समोरासमोरच्या भिंतींत झरोके ठेवल्यावांचून हा धूर जात नाहीं. चुलीवर धुराडें असेल तर उत्तमच. उलट, गॅस हवेहून जड. तो गळला तर जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, साडेतीन फुटांवरच्या खिडकीपर्यंत चढत नाहीं, आणि दाराचा उंबरा उंच असेल तर त्याच्या आंत तुंबून राहतो. म्हणून सिलिंडरजवळच्या बाहेरील भिंतींत जमिनीलगत एक-दोन विटांएवढें भोंक ठेवून त्याला उंदीर व साप शिरूं नयेत अशी बारीक, मजबूत लोखंडी जाळी बसवावी. ही चार पैशांची वस्तु आहे, पण ती आमच्या पाहण्यांतील फार थोड्या घरांत आढळते. रात्रीं दार बंद असतांना आंत सांचूं पाहणाऱ्या गॅसला तेवढीच वाट असते. गॅसचा वास आल्यास विजेचें कोणतेंही बटण दाबूं नये, कांडी ओढूं नये, दारें-खिडक्या सताड उघडाव्या व नळीची तोटी बंद करावी, हें लहान मुलांनाही शिकवून ठेवावें.

दिशेविषयीं थोडेंसें. पूर्वेकडे तोंड असलेल्या घराचें परसूं पश्चिमेस येतें. तिकडूनच पावसाळी वारा येतो व उन्हाळ्यांतील तिसऱ्या प्रहरचें ऊनही. बाजूस जागा असेल तर मोठी खिडकी उत्तरेच्या भिंतींत घ्यावी. आपल्या प्रांतांत मेअखेर ते जुलैपर्यंतचा कांहीं काळ सोडला तर उत्तरेकडून दुपारचें ऊन येत नाहीं व उजेड दिवसभर सारखा मिळतो. दक्षिणेची खिडकीही वाईट नाहीं. दोन फुटांचा छज्जा असला कीं उन्हाळ्यांतील उभें ऊन अडतें व थंडींतील कलतें ऊन आंत येतें. पश्चिमेस खिडकी लहान ठेवावी, आणि दार तिकडेच घ्यावें लागत असेल तर त्यापुढें चार फुटांची पडवी अवश्य काढावी. पश्चिमेच्या झरोक्यांना पावसाळ्यांत बंद करतां येईल अशी झडप असावी. त्या दिवसांत वरचा धूर पूर्वेच्या झरोक्यांनीं बाहेर जातो. शेगडी मात्र कोणत्याच खिडकीच्या अगदीं समोर ठेवूं नये. वाऱ्यानें ज्योत विझते आणि गॅस तसाच वाहत राहतो.

पाया खणण्यापूर्वीं परसांत फक्कीनें खोलीचा नकाशा प्रत्यक्ष आकारांत आंखावा, दारा-खिडक्यांच्या जागीं काठ्या ठेवाव्या, आणि घरांतील बायकांनीं रिकामी कळशी व परात घेऊन त्यांत एक-दोनदां वावरून पाहावें. ज्या जागीं त्या अडखळतील, तेथील काठी उचलून दुसरीकडे ठेवण्यास त्या दिवशीं कांहींच खर्च नसतो. गवंड्याला चौकटींचीं मापें यानंतरच द्यावीं; आणि सुतारानें वाळलेल्या लांकडाच्या चौकटी आणल्या आहेत कीं ओल्या, तेंही पाहून घ्यावें, कारण ओली चौकट पहिल्या उन्हाळ्यांतच पिळून भिंतीपासून सुटते.