अळंबीवर चढलेली नारिंगी साल

नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लू रिज डोंगरांत ऑगस्टचा पाऊस उघडला की ओकखालचा पालापाचोळा जागोजागी वर आलेला दिसतो. तो हाताने सारला तर खाली बहुतेक वेळा साधी पांढरी अळंबी असते. कधीमधी मात्र शिजवलेल्या शेवंडीसारखा भडक नारिंगी, वेडावाकडा गोळा निघतो. त्या रंगामुळेच इथे त्याला ‘लॉबस्टर मश्रूम’ म्हणतात आणि तो बाजारात विकतही मिळतो. ही अळंबीची निराळी जात नाही. पांढऱ्या अळंबीत दुसरी बुरशी शिरली आणि तिने हे रूप घडवलं. हायपोमायसिस लॅक्टिफ्लुओरम हे तिचं नाव.

तिच्या तावडीत सापडतात त्या मुख्यतः पांढरी रसुला आणि कापली की दुधाळ चीक सोडणारी लॅक्टिफ्लुअस. दोघी झाडाच्या मुळांशी जोडून राहतात. झाडाला पाणी आणि खनिजं पुरवतात, बदल्यात साखर घेतात. हायपोमायसिस कुणाला काही देत नाही. झाडाची साखर अळंबीत जाते आणि तिथून हिच्या पोटात.

गोळा उभा चिरून पाहावा. साल अगदी पातळ, आतला गर पांढरा आणि घट्ट. निरोगी रसुला बोटांत सहज मोडते, हिला मात्र सुरी लावावी लागते. मग छत्री उलटी करावी. अळंबीच्या पोटाशी जे नाजूक उभे पडदे असतात ते इथे नाहीत, त्यांच्या जागी बोथट कंगोरे उरलेत. बीजाणू त्या पडद्यांवरच धरतात, त्यामुळे निदान या छत्रीपुरता रसुलाचा वंश थांबला. भिंगातून सालीवर बारीक पुरळ दिसतं. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे सालीत रुतलेल्या कुपीचं तोंड, आणि बीजाणू बाहेर पडतात ते तिथून. छत्री रसुलाची, पीक मात्र हायपोमायसिसचं! जनुकीय तपासणीत तर असं आढळलंय, की लागण पुढे सरकते तसतसा आतला रसुलाचा अंशही घटत जातो. इतका पुरता ताबा मला दुसऱ्या कुठल्याही बुरशीत पाहायला मिळालेला नाही.

याच राज्यात सेलम गावी राहिलेले पाद्री लुइस डेव्हिड फॉन श्वाइनित्स यांनी 1822 साली या बुरशीचं पहिलं वर्णन छापलं.

हायपोमायसिसच्या कुळातली एक बुरशी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या चांगली ओळखीची आहे. हळदीच्या बेण्याला, तूर-हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतात ती ट्रायकोडर्मा. मातीतल्या रोगकारक बुरशीच्या तंतूला ती वेटोळं घालते, त्याची भिंत विरघळवते आणि आतलं खाते. रिचर्ड वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये तिचा हा परजीवीपणा दाखवून दिला. जंगलात जी खोड ती शेतात औषध ठरते. अळंबीची शेती करणाऱ्यांना विचाराल तर ते उलट सांगतील, कारण त्यांच्या पिशव्यांत हिरवी बुरशी म्हणून शिरते तीही ट्रायकोडर्माच.

पावसाळ्यात रानात पांढरी किंवा पिवळी भुकटी चढलेलं भूछत्र दिसलं, तर सडकं समजून पायाने उडवू नका. बसा, भिंग काढा, छत्री उलटी करून पडदे शाबूत आहेत का ते बघा. तोंडात मात्र घालू नका. एकदा वरून दुसरी बुरशी चढली, की आतली अळंबी खाण्याजोगी होती की विषारी, हे नुसतं पाहून खात्रीने सांगता येत नाही.