तीन अधिक दोन, की सलग पाच?

आमचे मेहुणे जुन्या पनवेलात राहतात. स्वभावाने शांत गृहस्थ. पण गेल्या जुलैत एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले ते तणतणतच. मागोमाग भाची. मेहुण्यांच्या हातात दोन कागद होते. एक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा. दुसरा पदार्थविज्ञानाच्या पाच वर्षांच्या सलग एम.एस्सी.चा.

"तुम्ही प्राध्यापक. तुम्हीच हिला चार शब्द सांगा," ते म्हणाले.

आता मी शिकवतो मराठी. पण प्राध्यापक म्हटला, की त्याला सगळेच विषय येतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या समजुतीला जागून मी चौकशीला लागलो.

दुसरा कागद कालिन्याचा होता. अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठ यांनी मिळून २००७ साली विद्यापीठाच्या आवारात मूलभूत विज्ञानांचे एक केंद्र काढले. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याला 'आयसर' ही संस्था सुरू झाली. ती आज पाषाणला नॅशनल केमिकल लॅबोरेटरीच्या शेजारी उभी आहे. दोन्हीकडे बारावीनंतर मूल एकदाच आत जाते आणि पाच वर्षांनी पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडते. कालिन्यासाठी 'नेस्ट' नावाची चाळणी परीक्षा असते; आयसरची निराळी.

मेहुण्यांचा पहिला सवाल बिनतोड होता. "तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.एस्सी. मिळूनही पाचच होतात. मग ह्यात नवे ते काय?"

वर्ष एकही वाचत नाही, हे खरेच. वाचतो तो मधला उंबरठा. एरवी तीन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा प्रवेश, पुन्हा नवे गुरुजी आणि निम्मे धडे पहिल्यापासून. येथे पाच वर्षांचा आराखडा एकाच हाताने आखलेला असतो. आरंभी सगळ्याच विज्ञानांची तोंडओळख होते, मग आपल्या विषयाची वाट धरायची. आयसरमध्ये पाचवे वर्ष संशोधन-प्रबंधालाच दिलेले असते. कालिन्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ शिकवायला येत आले आहेत. म्हणजे विज्ञान नुसते वाचायचे नाही, ते चालते कसे हे कोवळ्या वयातच पाहायचे.

दुसरा सवाल अधिक अवघड होता. पोटाचे काय? येथे मला वकिली करता येईना. इंजिनिअर बाविसाव्या वर्षी पगार आणू लागतो. ही तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. होणार, आणि ह्या वाटेचे खरे गाव पीएच.डी. आहे. त्याला आणखी सुमारे पाच वर्षे. पाठ्यवृत्ती मिळते, पण तिच्यावर संसार थाटता येत नाही.

मी होमी भाभांची गोष्ट काढली. ते १९२७ साली केंब्रिजला गेले ते घरच्यांच्या इच्छेने, इंजिनिअर व्हायला. मन मात्र गणितात आणि पदार्थविज्ञानात. वडिलांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात काढ, मग पाहू. भाभांनी १९३० साली ती काढली आणि मग आपल्या विषयाकडे वळले.

मेहुणे शांतपणे म्हणाले, "भाभांच्या पाठीशी टाटांचे घर होते. माझ्या पाठीशी घराचा हप्ता आहे."

मी निरुत्तर झालो. तेव्हा भाची प्रथमच बोलली. "बाबा, हप्त्याचं मला ठाऊक आहे. पण चार वर्षांनी इंजिनिअर होऊन मी पुन्हा हेच मागितलं, तर? आणि ह्या माणसांना काम नसतं असं नाही. नारायणगावाजवळ खोडदला दुर्बिणीच्या तीस तबकड्या आकाश ऐकताहेत. हिंगोलीजवळ गुरुत्वलहरी टिपायला चार चार किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत. २०२३ साली सरकारने त्याला मंजुरी दिली. तिथं कुणीतरी लागेलच ना?"

मेहुणे बराच वेळ कागदांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. अट माझीही एक आहे. सुट्टीत घरी आलीस, की जे शिकलीस ते मला कळेल अशा मराठीत सांगायचं."

गणपतीत ती घरी आली. माजघरातल्या झोपाळ्याच्या कड्या मोजल्या. दोन मीटर भरल्या. हलका झोका देऊन तिने बाबांना घड्याळ धरायला लावले. दहा झोक्यांना अठ्ठावीस सेकंद. मग आईला झोपाळ्यावर बसवले.

"आता किती लागतील?"

"जास्त. वजन वाढलं की."

पुन्हा अठ्ठावीस. मेहुण्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिले. मग स्वतःच आईशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "पुन्हा मोज."