खेळातली आगगाडी आणि डब्यांचा जोड

दहिसरच्या माणसास आगगाडीचे नवल नाही. कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी १९२८ साली धावली, १९३६ साली ती विरारपर्यंत गेली. तेव्हापासून तिचा खडखडाट ऐकतच इथल्या पिढ्या वाढल्या. परंतु एक डबा दुसऱ्यास कसा जोडलेला असतो, हे सहसा कोणी वाकून पाहत नाही. त्या जोडाविषयी आम्ही चार शब्द सांगणार आहोत, आणि तेही खेळातल्या गाडीच्या निमित्ताने. कामगार चळवळीतल्या माणसाने खेळण्यावर बोलावे याचे कोणास हसू येईल. त्याचे कारण शेवटी कळेल.

पुण्यास कोथरुडला जोश्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली उघडले. तसली ऐसपैस जागा आपल्या घरी कोठून असणार? आपली गाडी जेवणाच्या टेबलावर फिरायची. म्हणून वळण आखूड घ्यावे लागते आणि तेथेच जोड सुटतो किंवा चाके रुळाखाली उतरतात.

हे का होते? ताटाच्या काठावर फूटपट्टी ठेवून पाहा. पट्टीचा मधला भाग आत जातो, टोके काठाबाहेर पडतात. डब्याचेही तसेच. आपला २१.३ मीटरचा प्रवासी डबा १:८७ या मापात सुमारे २४५ मिलिमीटर होतो. वळणाची त्रिज्या डब्याच्या तिप्पट, म्हणजे ७३५ मिलिमीटर असली तर गाडी निर्धोक चालते, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. बाजारातल्या तयार रुळांचे एक नेहमीचे वळण ४३८ मिलिमीटरचे. त्यावर या डब्याचे टोक रुळांच्या मध्यापासून जवळजवळ ९ मिलिमीटर बाहेर येते. एक वळण संपून लगेच उलटे वळण लागले, तर एक टोक इकडे आणि शेजारचे तिकडे. अंतर १८ मिलिमीटर! म्हणून दोन उलट वळणांमध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ हवाच.

आता जोड कोणता घ्यावा? आकडा व आडवी पट्टी असलेला साधा जोड दिसायला ओबडधोबड, डब्यांत फटही फार. पण आखूड वळणावर तो सहसा दगा देत नाही. वळलेल्या मुठीसारखा जोड खऱ्या गाडीसारखा दिसतो; तो घ्यायचा तर लांब दांड्याचा घ्यावा. जोड डब्याच्या तळाशी बसवावा की बोगीला, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटीला? बोगीवरचा जोड वळणाबरोबर वळतो. परंतु गाडी मागे ढकलताना सारा जोर बोगीवर येऊन चाके उतरतात. आमचे मत असे: नुसती गोल फिरवायची असेल तर बोगीवर, शंटिंग करायचे असेल तर तळाशी, आणि डबे आखूड ठेवावे. सर्व जोड एका उंचीवर असावेत. परीक्षा मात्र ओढून करू नये, सावकाश ढकलून करावी.

मोठ्या रेल्वेलाही हे गणित चुकलेले नाही. डब्याच्या दोन बाजूंस बफर असले, तर फार आखूड वळणावर ते एकमेकांत अडकू शकतात. म्हणून अरुंद रुळांच्या गाड्यांना मधोमध एकच बफर ठेवीत. १९०७ साली सुरू झालेली नेरळ–माथेरान रेल्वे दोन फूट रुंदीची, चढ वीसास एक. तिच्या जर्मन इंजिनांचे शेवटचे आस वळणावर सरकतील असेच घडविलेले होते.

आता कारण सांगतो. मुले डबे जोडीत होती. आमच्या ओळखीचे एक वृद्ध शंटर जवळ बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे नाहीत. ते एकदम म्हणाले, "अरे, मध्ये हात घालू नकोस!" खोली गप्प झाली.

आपोआप जुळणाऱ्या मुठीच्या जोडाचे पेटंट अमेरिकेत जॅनी यांनी १८७३ साली घेतले. हात न घालता डबे जुळू शकत होते. तरी तो सक्तीचा करणारा कायदा तेथे १८९३ साली झाला. मधल्या वीस वर्षांत कामगारांची बोटे जातच राहिली. युक्ती सापडली होती. खर्च कोणी करायचा, एवढाच प्रश्न उरला होता. तो प्रश्न यंत्राने सुटला नाही, माणसांनी आग्रह धरला तेव्हा सुटला.

घरी गेल्यावर मुलाला जोड अवश्य निवडून द्या. आणि खरा जोड कोण लावतो, हेही त्याला सांगा.