कोलकात्याची राबणारी तळी

शहराचे सांडपाणी साफ करायचे म्हटले की आपल्याला काँक्रीटच्या टाक्या, पंप आणि विजेचे बिल आठवते. कोलकात्यात मात्र या कामाचा मोठा भार जवळजवळ शतकभर तळी उचलत आली आहेत. शहराचा उतार हुगळी नदीकडे नाही, पूर्वेकडे आहे. त्यामुळे मैलापाणी कालव्यांतून पूर्वेच्या पाणथळीत जाते आणि मच्छीमार ते ‘भेरी’ नावाच्या उथळ तळ्यांत बेताबेताने घेतात. पाणी फार तर कमरेइतके, म्हणून ऊन खोलवर पोचते. उन्हात शेवाळ वाढते, त्याने सोडलेल्या प्राणवायूवर जिवाणू घाण कुजवतात आणि शेवाळ माजू लागले की रोहू-कटला ते खातात. काठाला जलपर्णीची पट्टी मुद्दाम राखलेली असते. एरवी पालिका जी उपटून काढायला पैसे मोजते, तीच इथे लाटांपासून बांध वाचवते आणि पाण्यातले जड धातू शोषून घेते. शहराला स्वस्त मासळी मिळते आणि निवळलेले पाणी भाताला जाते.

ही व्यवस्था मच्छीमारांनी अनुभवातून उभी केली. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ती अभ्यासून जगापुढे मांडली. तोवर नकाशावर ही जमीन ‘दलदल’, म्हणजे भराव टाकायला मोकळी होती. सॉल्ट लेक हे उपनगर अशाच भरावावर उभे आहे. 1992 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने बांधकामांना आवर घातला, 2002 मध्ये सुमारे 12,500 हेक्टर क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा ‘रामसर’ दर्जा मिळाला आणि 2006 मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. माझ्या मते निसर्गाधारित नियोजनाचा गाभा हाच आहे. उद्याने वाढवणे चांगलेच, पण जी जमीन आधीच शहरासाठी राबते आहे, तिची नोंद गटार आणि जलवाहिनीच्या पंक्तीत झाली पाहिजे.

असल्या पाण्यातली मासळी खावी का, ही शंका रास्त आहे. चामड्याच्या कारखान्यांतली रसायने शेवाळाला पचत नाहीत. पण त्याचा इलाज कारखान्याच्या दारात व्हायला हवा. त्यासाठी तळी बुजवणे म्हणजे दुखणे सोडून वैद्यालाच हाकलणे. घरांसाठी जमीन लागतेच, हा आक्षेप अधिक जड आहे. मात्र भेरी बुजली तरी मैलापाणी थांबत नाही. ते साफ करायला दुसरीकडे जागा घ्यावी लागते, केंद्र बांधावे लागते आणि त्याची वीज कायमची भरावी लागते. प्लॉटच्या किमतीत हा खर्च कुणीच धरत नाही. कायदा असूनही तिथे भराव पडतच आहेत. एकदा बुजलेली भेरी पुन्हा खोदून कुणी देत नाही.