गिटारचा ब्रिज पिकअप : खरेदीपूर्वी हे तपासा

लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून चार पैसे मिळविणारे तरुण सोलापुरात आहेत. स्वस्तातील इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मंडपात बारीक पडतो किंवा घरघरतो, ही त्यांची नेहमीची तक्रार. यावर ब्रिज पिकअप बदला, असा सल्ला मिळतो. नावाजलेल्या पिकअपला काही हजार रुपये पडतात. हंगामाच्या कमाईतून एवढी रक्कम काढायची, तर ती विचारपूर्वक काढावी.

ब्रिज म्हणजे आपल्या सतारीची घोडी. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की या वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायर ती वाढवितो. घोडीपाशी तार कमी हलते, म्हणून तेथील आवाज धारदार पण अशक्त असतो. तो भरून काढण्यासाठी ब्रिज पिकअपला सहसा जास्त वेढे देतात. मानेकडचा पिकअप स्वस्तात मिळाला म्हणून घोडीजवळ बसविल्यास आवाज आणखी बारीक होतो.

सिंगल कॉइल की हमबकर?

एका वेटोळ्याच्या सिंगल कॉइल पिकअपचा आवाज स्वच्छ व खणखणीत असतो. पण विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर आणि दिव्यांच्या डिमरची घरघरही तो पकडतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर उपाय काढला. दोन वेटोळी उलट दिशेने जोडली आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवले. घरघर आपसात कटते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. हाच हमबकर. मंडपात वाजविणाऱ्याने हाच घ्यावा. सिंगल कॉइलच्या खाचेत बसणारे हमबकरही मिळतात. त्यासाठी लाकूड कोरावे लागत नाही.

खोक्यावरील किलो-ओहमचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. तार अधिक बारीक असली तरी तो वाढतो. वेढे फार वाढविले तर आवाज मोठा होतो, पण धार बोथट होते. साध्या हमबकरचा आकडा साधारण ७ ते ९ असतो. बहुतेकांना तेवढा पुरतो. खरेदीपूर्वी घोडीपाशी पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचे अंतर मोजावे. ते गिटारीनुसार साधारण ५० ते ५३ मिलिमीटर भरते. पिकअप त्याच मापाचा हवा.

आधी बिनखर्चाचे उपाय

पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांच्या थोडा जवळ आणावा. गंजलेल्या तारा बदलाव्यात. सुटलेले सोल्डरिंग पाहावे. पुष्कळदा तक्रार येथेच मिटते. पिकअप अगदीच मुका असेल तर त्याची जोडणी सोडवून मीटर लावावा. काहीच आकडा न दाखविल्यास आतली तार तुटलेली आहे. हमबकर बसविताना व्हॉल्यूमचा पॉट ५०० किलो-ओहमचा ठेवावा. सिंगल कॉइलला २५० चालतो.

व्यवसायाची वाट

तुटलेला पिकअप फेकण्याची गरज नाही; तो पुन्हा गुंडाळता येतो. यंत्रमागांच्या सोलापुरात मोटार रिवाइंडिंगचे काम जाणणारे कारागीर आहेत. पिकअपची तार मात्र फारच नाजूक, बहुधा ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची. तिला हलका हात आणि वेढे मोजणारे छोटे यंत्र लागते. हत्यारांना धार लावणाऱ्या मिरजेच्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात असाच हात सतारीकडे वळविला. त्यांना लागणारे भोपळे आपल्या जिल्ह्यातील पंढरपूर भागातून जातात. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सतारीवर मात्र गिटारचा पिकअप लावू नये. तिच्या काही तारा पितळेच्या किंवा कांशाच्या असतात आणि त्यांचा आवाज चुंबक पकडत नाही. तिला लाकडाचे कंपन टिपणारा चिकटवायचा पिकअप लागतो.

आधी मोजावे, मग दुरुस्त करावे आणि खरेदी शेवटी करावी, हा क्रम पाळल्यास पैसा वाया जाणार नाही.