परसदारी हवं एक कुंड!

सिनेमातल्या बंगल्यामागचा निळाशार पोहण्याचा तलाव पाहिला, की क्षणभर वाटून जातं, आपल्या परसात असं काही असतं तर! पण जरा हिशेब करून पाहा. वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार फूट खोल असा लहानसा तलाव म्हटला, तरी त्यात साडेबावीस हजार लिटर पाणी मावतं. शिवाय ते रोज गाळायचं, त्यात क्लोरीन घालायचं. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे कसं परवडणार?

म्हणून हौस मात्र मारायला नको. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल असं कुंड सव्वादोन हजार लिटरांत भरतं. आपल्याला हे नवीनही नाही. जुन्या पुण्यात कित्येक वाड्यांतून हौद असत आणि कात्रजच्या तलावाचं पाणी त्यांत येई.

जागा कुठली?

इथंच बहुतेकींची चूक होते. माझ्या एका मैत्रिणीनं परसाच्या अगदी टोकाला, झाडांच्या आडोशाला कुंड बांधलं. दिसायचं फार सुरेख! एके दुपारी पाहुणे आले होते. बायका स्वयंपाकघरात, पुरुष बाहेरच्या खोलीत. नणंदेचा दोन वर्षांचा मुलगा कधी मागे गेला, कुणालाच कळलं नाही. धुणं वाळत घालायला गेलेल्या बाईंनी त्याला पाण्यातून वर काढलं, म्हणून तो वाचला. आवाज म्हणून काही झालाच नव्हता. पुढं मैत्रिणीनं ते कुंड मातीनं भरून टाकलं. आज तिथं अळू लावलाय.

तेव्हा बरं का, कुंड असं हवं की ओट्याशी उभं राहिलं तरी खिडकीतून सगळं दिसावं. म्हणजे मुलांवर नजर राहते आणि फोडणी देता देता आपल्यालाही फुलं दिसतात. जे पाणी घरातून दिसतं, तेच घराचं वाटतं.

मात्र पिंपळ, उंबर यांच्याजवळ बांधू नका. मुळं भिंत फोडतात. संडासाच्या टाकीपासून तर लांबच ठेवा.

घराशी मेळ

मागच्या पायऱ्यांना शहाबादी फरशी असेल, तर कुंडाच्या काठालाही तीच लावा. काठ जमिनीपासून सव्वा फूट उंच आणि फूटभर रुंद ठेवला, की संध्याकाळी मटार सोलायला छान बैठक होते. पावसाचा चिखलही आत येत नाही. आतून आकाशी रंग देण्याचा मोह टाळा, नाहीतर न्हाणीघरातला हौद वाटेल! गडद हिरवट रंगात झाडांचं प्रतिबिंब उमटतं. तळाला किंचित उतार द्या, तोटी बसवून घ्या आणि ते पाणी केळीच्या आळ्यात सोडा.

मासे आणि फुलं

नव्या सिमेंटचा क्षार माशांना सोसत नाही. कुंड भरावं, आठवडाभरानं रिकामं करावं, असं तीन-चार वेळा करा. नळाचं पाणी दोन दिवस तसंच ठेवून मगच गप्पी मासे सोडा. ते हवेतच, कारण डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात आणि गप्पी त्यांच्या अळ्या खातात. मासे असताना क्लोरीन किंवा साबणाचं पाणी अजिबात घालायचं नाही. मासे फार झाले तर मैत्रिणीला द्या, नदीत सोडू नका.

कुमुदिनीला पाच-सहा तास ऊन लागतं. पसरट कुंडीत चिकणमाती भरून वर खडी पसरा, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. जलपर्णीचं फूल कितीही मोहक दिसलं, तरी तिला घरात घेऊ नका. बघता बघता ती सगळं पाणी झाकून टाकते. काठाबाहेर कर्दळ नि वाळा लावा. उन्हाळ्यात रोज एक-दोन बादल्या पाणी वर घालावं लागेल, एवढंच!

आणि शेवटचं

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर पाण्याच्या वर मजबूत लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप घाला. रांगत्या बाळाला दोन इंच पाणीसुद्धा धोक्याचं असतं. आणि जाळी असली, तरी आपली नजर हवीच. 'जाळीनं शोभा जाते,' असं घरातलं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मुलं मोठी झाली, की जाळी काढता येते. कुमुदिनी तोवर थांबेल.