दोन लोहमार्गांच्या छेदावरचे कॉरिन्थ

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात कॉरिन्थ हे छोटे गाव आहे. १८५०च्या दशकात दोन लोहमार्ग जेथे एकमेकांना छेदणार होते, तेथेच ते वसले. साहजिकच पहिले नाव पडले 'क्रॉस सिटी'. पुढे स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाच्या सूचनेवरून ग्रीसमधील प्राचीन नगराचे नाव त्याला मिळाले. मोबाइल-ओहायो हा दक्षिणोत्तर, तर मेम्फिस-चार्ल्स्टन हा पूर्व-पश्चिम जाणारा मार्ग. या रुळांच्या छेदालगतच्या जुन्या स्थानकात आता संग्रहालय आहे.

यादवी युद्धात हा छेदच गावाच्या मुळावर आला. तो हाती असेल त्याच्याकडे दक्षिणेची रसद, हे दोन्ही पक्ष जाणून होते. एप्रिल १८६२ मध्ये शायलो येथील भीषण लढाईनंतर उत्तरेच्या जनरल हॅलेक यांनी प्रचंड फौजेनिशी गावाला वेढा दिला. दक्षिणेचे जनरल बोरेगार्ड यांनी मग एक शक्कल लढवली. रिकामी गाडी आली, की जणू नवी कुमक उतरली अशा थाटात सैनिकांनी जयघोष करायचा! या गोंगाटाच्या आडून २९ मेच्या रात्री सारी फौज निसटली. ऑक्टोबरमध्ये गाव परत घेण्याचा दक्षिणेचा प्रयत्न मात्र फसला. त्या लढाईची आठवण देणारे 'बॅटरी रॉबिनेट' हे ठाणे, तेथे पडलेल्या कर्नल रॉजर्स यांची समाधी आणि २००४ मध्ये उघडलेले माहिती केंद्र एकाच आवारात आहे. राष्ट्रीय दफनभूमीत यादवी युद्धातील साडेपाच हजारांहून अधिक सैनिक विसावले असून, त्यांतील बहुसंख्य अनामिक आहेत.

परंतु कॉरिन्थची खरी वेगळी खूण गावाच्या एका कडेला आहे. उत्तरेच्या फौजेने गाव घेताच आसपासच्या मळ्यांतून गुलाम पळून तेथे येऊ लागले. त्यांना नाव मिळाले 'कॉन्ट्राबँड', म्हणजे शत्रूचा जप्त केलेला माल. कायद्याच्या लेखी ते मालमत्ताच होते आणि शत्रूची मालमत्ता जप्त करता येत होती. गुलामगिरीचे तर्कशास्त्र असे तिच्यावरच उलटले. जनरल डॉज यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या छावणीत घरे, चर्च, शाळा आणि रुग्णालय होते. वस्ती एका टप्प्यावर सहा हजारांपर्यंत पोहोचली. तेथील लोक कापूस व भाजीपाला पिकवीत. सहकारी तत्त्वावरील ही शेती नफ्यातही आली. पुरुषांतून कृष्णवर्णीयांची एक पायदळ पलटणही उभी राहिली.

डिसेंबर १८६३ मध्ये रहिवाशांना मेम्फिसला हलविण्यात आले आणि छावणी संपली. सेनापतींच्या वाट्याला स्मारके लवकर आली. या वस्तीला मात्र शतकाहून अधिक काळ थांबावे लागले. आज तेथे एकही मूळ घर उभे नाही. पायवाटेच्या कडेने माणसाच्या उंचीचे ब्राँझचे पुतळे आहेत. त्यांत गणवेशातील सैनिक आहे आणि मुलाला वाचायला शिकवणारी एक स्त्रीही. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत गुलामांना अक्षरओळख करून देणे कायद्याने गुन्हा होता.